गाडीमागे होडी

४ जानेवारी, गुरुवार

माझ्या लेकीने, मनवाने, वाढदिवसाला ही वही दिली. दोन महिने कोरीच पडली होती. आज लिहायला घेतलं, कारण जे वाटतंय ते घरात कुणाला सांगता येत नाही. गिरगावातल्या आमच्या एक्स-रे सेंटरच्या काउंटरवर दुपारी दोन ते तीन शुकशुकाट असतो, तेव्हा लिहीन. वहीत नवऱ्याला मी नावाने लिहिणार. तोंडावर तेवीस वर्षं ‘अहो’ केलं तेवढं पुरे.

जयवंतने होडी घेतली आहे.

म्हणजे अगदी खरी. सोळा फुटी, फायबरची, मासे धरायची. घोडपदेवच्या एका शेडमध्ये उलटी पडली होती, ती त्याने आणि बुद्धभूषणने मिळून घासूनपुसून सुलटी केली. बुद्धभूषण त्याचा गोदीतला जुना मित्र, वेल्डर. होडी वाहून न्यायला दोन चाकांचा ट्रेलरही त्यानेच जोडून दिला. आणि ट्रेलर ओढायला माटुंग्याच्या एका पारशी बाईंची जुनी गाडी आली आहे. हिरवी, लांबलचक, मागे होडी राहील एवढी नसली तरी दोन माणसं झोपतील एवढी. चारही चाकं ओढतात म्हणे. आत अजून त्यांच्या कुत्र्याचा वास येतो.

जयवंतने चोवीस वर्षं गोदीत क्रेन चालवली, सप्टेंबरात अचानक स्वेच्छानिवृत्ती घेतली. का, ते सांगितलं नाही. साहेबाशी वाजलं असणार. आजोबा मालवणला रापणीचं जाळं ओढायचे, वडील गिरणीत आले, आता ह्याला परत समुद्र आठवला. वरळी कोळीवाड्यात पाण्यात होडी बांधायला जागा मिळाली आहे.

इथवर ठीक. पण काल जेवताना म्हणाला, “ट्रेलर तू ओढायचा.”

मी हसले. तो हसला नाही.

“आता तूच शिकाक व्हया,” म्हणाला. खालमानेने जेवत राहिला.

माझ्याकडे लायसन्स आहे. दादरपलीकडे मी कधी गाडी नेलेली नाही.

७ जानेवारी, रविवार

घोडपदेवला गोदामांची गल्ली रविवारी रिकामी असते. तिथे आज पहिल्यांदा गाडीला ट्रेलर जोडला. गाडीच्या मागे लोखंडी गोळा आहे, त्यावर ट्रेलरची वाटी बसते, खटका लागतो, वर साखळी. बुद्धभूषणने तीनदा करून दाखवलं. “वहिनी, साखळी विसरलात तर तुम्ही एका रस्त्याने, होडी दुसऱ्या.”

पुढे जाणं जमलं. रिव्हर्स मात्र भयंकर. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. थोडं जास्त झालं की गाडी आणि ट्रेलर कात्रीसारखे दुमडतात. दोनदा दुमडले. दुसऱ्यांदा लोखंड करकरलं आणि मी किंचाळले.

जयवंत गल्लीच्या टोकाला उभा राहून सूचना देत होता. मी म्हटलं, “अहो, तुम्ही एकदा करून दाखवा ना.” नाही म्हणाला. माटुंग्याहून गाडी घरी आणताना ह्याने डावा आरसा खांबाला घासून मोडला, तेव्हापासून स्टिअरिंगला हात लावलेला नाही. खांबच चुकीच्या जागी उभा केलाय म्हणतो. चोवीस वर्षं अधांतरी कंटेनर उचलणारा माणूस एका आरशाने एवढा घाबरावा? मला शिकवायचं सोडून स्वतःची भीती माझ्या गळ्यात घालतो आहे, असं वाटून गेलं. वाईट वाटलं लिहिताना, पण वाटलं खरं.

१० जानेवारी, बुधवार

जयवंत दुपारी ‘ट्रेलरचं सामान आणायला’ बुद्धभूषणबरोबर गेला होता. संध्याकाळी आला तो काळा चष्मा लावून. घरात ट्यूबलाइट लावू देईना. चष्मा काढला तर डोळे लाल, कसेतरीच. पेपर समोर धरला आणि घडी करून ठेवून दिला.

मागच्या महिन्यातही एका बुधवारी असंच.

ह्याच्या घराण्यात दारूने दोन माणसं गेली आहेत. जवळ जाऊन वास घेतला. वास नव्हता. पण हल्ली वास न येणारीही मिळत असेल.

१५ जानेवारी, सोमवार

संक्रांत. जिन्यात समोरच्या राधाबाई तिळगूळ घेऊन उभ्या होत्या. “घ्या भावजी,” म्हणून हात पुढे केला, आणि हा त्यांच्या अंगावरून सरळ खाली निघून गेला. हातातली वाटी कलंडली. म्हातारी बाई खाली बसून तीळ वेचत होती. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, “राहू दे गो. माणूस घरी बसला की असा होतो.”

घरी विचारलं तर म्हणतो, “राधाबाई? कधी?”

एवढं खोटं बोलायचं काय कारण?

१९ जानेवारी, शुक्रवार

आज जे ऐकलं ते आधी लिहून ठेवते.

सकाळी पाणी भरत होते. गॅलरीत जयवंत आणि बुद्धभूषण. नळ बंद केला तेव्हा ऐकू आलं.

“वहिनींना सांग एकदा. किती दिवस लपवणार?”

“होडी पाण्यात पडू दे. मग सांगतंय.”

“आणि तोपर्यंत काही झालं तर?”

“ती शिकतासा ना? ती शिकली की माझा काम झाला.”

माझं काम झालं! म्हणजे काय? मला गाडी शिकवायची, होडी पाण्यात टाकायची आणि निघून जायचं? गावाला? एकटा? की एकटा नाही?

मनवाला आडून विचारलं, बाबा तुला काही बोललेत का. ती एकदम फ्रिज आवरायला लागली. फ्रिजच्या दारात अंड्यांच्या मागे एक छोटीशी औषधाची बाटली होती. ही कुणाची? तर म्हणे मैत्रिणीची, थंड ठेवावी लागते. मैत्रिणीची बाटली आमच्या फ्रिजमध्ये? बाप-लेक दोघंही माझ्याकडे बघत नाहीत.

रविवारी मॅरेथॉन आहे, रस्ते बंद. होडी पुढच्या रविवारी न्यायची ठरली.

२७ जानेवारी, शनिवार

उद्या. घोडपदेवहून चिंचपोकळीचा पूल, सातरस्ता, वरळी नाका, मग कोळीवाडा. मी हा रस्ता मनात शंभर वेळा चालवला आहे. प्रत्येक वेळी पुलावरच अडते. चढावर सिग्नल लागला आणि गाडी मागे सरकली तर? मागच्याला होडी लागेल, होडीमागून मी.

जेवण गेलं नाही.

२९ जानेवारी, सोमवार

काल काही लिहिता आलं नाही. आज सुट्टी टाकली आहे. मनवा कॉलेजला गेली, जयवंत आतल्या खोलीत पडून आहे. सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर माझं डोकं फुटेल.

सकाळी साडेसहाला निघालो. मी चालवायला, शेजारी जयवंत, बुद्धभूषण मागून त्याच्या बाईकवर. होडी दोरखंडांनी करकचून बांधलेली, मागच्या टोकाला लाल फडकं. आरशात बघितलं की रस्ता दिसत नव्हता, होडीचं नाकच दिसायचं. जणू कुणीतरी पाठलाग करतंय.

चिंचपोकळीच्या पुलावर जे व्हायचं तेच झालं. ऐन चढावर पुढची टॅक्सी थांबली. मी ब्रेक दाबला. मागून ट्रेलरने हळूच धक्का दिला, मग आम्हाला मागे ओढायला लागला. मागे एक बस येऊन चिकटली, भोंगा वाजवत होती.

“हँडब्रेक ओढ,” जयवंत शांतपणे म्हणाला. “गाडी ओढता की नाय ता पाय सांगतलो. घाबरतंस कित्याक? मी आसंय ना.”

क्लच सोडला, गाडीचं नाक किंचित उचललं गेलं, हँडब्रेक सोडला. चारही चाकांनी मिळून आम्हाला वर ओढलं. सातरस्त्याला पोचेपर्यंत मी श्वास घेतला की नाही आठवत नाही. पण मला आनंद झाला होता. हेही लिहायला हवं. वरळी नाक्यावर एका पेपरवाल्याने होडीला नमस्कार केला आणि मी चक्क हसले.

कोळीवाड्याच्या गल्लीत दोन्ही बाजूंना वीतभर जागा. तीही पार केली. शेवटी उताराचा धक्का आला, तिथे ट्रेलर रिव्हर्स घेऊन जाळ्यांच्या कडेला लावायचा होता. जयवंत उतरून मागे गेला. बुद्धभूषण गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थोपवत होता.

“येऊ दे,” जयवंत म्हणाला. “ये, ये, ये. डावीकडे मोकळा आसा. ये.”

मोडका आरसा अजून बदलला नव्हता. डावीकडचं मला काही दिसत नव्हतं. पण त्याला तर दिसत होतं. तो म्हणाला ये, मी आले.

मग एक आवाज आला. बाईचा. आणि त्याच क्षणी बुद्धभूषण ओरडला, “वहिनी! ब्रेक!”

मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी बंद पडली.

उतरले तर ट्रेलरचं डावं चाक एका टोपलीवर चढलं होतं. बोंबील चिरडले होते. टोपलीमागे एक म्हातारी कोळीण भिंतीला पाठ लावून बसली होती, पाय पोटाशी घेतलेले. चाक आणि तिचे पाय यांच्यात एक हात अंतर होतं. मी माझा हात धरून बघितला नाही, पण तेवढंच होतं.

“मना मारतेस काय गो?” ती म्हणाली. ओरडली नाही.

मी जयवंतकडे वळले. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत नावाने ओरडले. “जयवंत! तुझ्या समोर बसली होती बाई! तू मला ये म्हणालास!”

तो त्या बाईकडे बघतच नव्हता. मान वळवून, वळवून तिला शोधत होता. आधी भिंत, मग टोपली, मग शेवटी ती. आणि त्याचा चेहरा असा झाला की मला शिव्या आठवेनात.

“माका दिसणा नाय, बकुळा,” तो म्हणाला. “ह्या बाजूचा माका काय दिसणा नाय.”

आणि तिथेच चिखलात खाली बसला.

काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्याच्या कडा गेलेल्या. गोदीच्या वैद्यकीय तपासणीत निघालं, म्हणून क्रेन सुटली. साहेबाशी काहीही वाजलं नव्हतं. बुधवारी डोळ्यांत औषध घालून तपासायचे म्हणून तो काळा चष्मा. फ्रिजमधली बाटली त्याचीच. मनवाला शपथ घातली होती.

मी रोज दहा ते पाच काउंटरवर बसून लोकांच्या हातात रिपोर्ट देते. घरातल्या माणसाचे डोळे मला वाचता आले नाहीत. दारू म्हणाले मी. दुसरी बाई म्हणाले.

३१ जानेवारी, बुधवार

तीन दिवस बोलले नाही त्याच्याशी. दया येते आणि त्याच्या मागोमाग राग येतो. ती बाई मेली असती तर? चाकावर माझे हात होते.

आज म्हणाला, “होडी विकूया.”

“मला का नाही सांगितलंत?”

म्हणाला, “सांगितलं असतं तर तू मला घरात बसवलं असतंस. जिन्यावरसुद्धा हात धरून नेलं असतंस. मला आधी तुला शिकलेली बघायचं होतं. मग मी बसलो असतो, कुठेही.”

मला भीती ही वाटते की तो खरंच बसेल.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरकडे मी बरोबर गेले. एका अंधाऱ्या डब्यात हनुवटी टेकवून बसवतात. आत उजेडाचा ठिपका लागला की बटण दाबायचं. मी बाहेर उभी होते. ठिपके लागत होते, मला यंत्राच्या पडद्यावर दिसत होते, आणि तो बटण दाबत नव्हता. पाच, सहा, सात ठिपके. त्याच्या चेहऱ्यावर एखाद्या हुशार विद्यार्थ्यासारखी वाट बघण्याची एकाग्रता होती. मला ओरडून सांगावंसं वाटलं, दाब ना, आहे तिथे!

कागदावर नकाशा आला. डावीकडे सगळं काळं.

डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही. औषध नियमित घातलं तर राहिलेलं बराच काळ टिकेल. गाडी बंद. होडीचं विचारलं तर म्हणाले, “एकटे नाही. शेजारी डोळे असलेलं माणूस हवं.”

४ फेब्रुवारी, रविवार

कोळीवाड्यात एकटी गेले. त्या बाईंची माफी मागायची होती. सुंदराबाई नाव त्यांचं. बोंबील वाळत घालत होत्या. मी नवी टोपली नेली होती. ती त्यांनी उलटीपालटी करून बघितली आणि “बरी हाय” म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं, डोळ्यांचंही. त्यांनी ऐकून घेतलं.

“होरी हितनं हलवावी लागल,” म्हणाल्या. “जालं सुकवायची जागा हाय ही. पुढल्या रविवारी अवसेची मोठी भरती हाय, तवा घाल पाण्यात. नायतर घेऊन जा परत.”

परत! तो पूल, ती गल्ली, उलटी. आणि शेवटी घोडपदेवच्या शेडमध्ये ती पुन्हा उलटी पडणार, आणि हा घरी पलंगावर.

“घालते पाण्यात,” मी म्हणाले. माझ्याच तोंडून आलं.

“मी हात दावीन,” सुंदराबाई म्हणाल्या. “माझं डोलं चांगलं हायत. तुझी गारी मी चांगली बगितलीय.”

११ फेब्रुवारी, रविवार

ओल्या कपड्यांनीच लिहिते आहे. गाडीत बसून, धक्क्यावर.

अकराच्या सुमारास पाणी उताराच्या मध्यावर आलं होतं. ट्रेलर रिव्हर्समध्ये खाली न्यायचा, होडी तरंगायला लागली की दोर सोडायचा, आणि गाडी वर. एवढंच. आरसा नवा बसवला आहे. सुंदराबाई डाव्या बाजूला पदर खोचून उभ्या. बुद्धभूषण उजवीकडे, कमरेभर पाण्यात. जयवंत होडीत बसला होता, दोर धरून. त्याने एकही सूचना द्यायची नाही असं मी बजावलं होतं.

खाली जाणं नीट झालं. एकदाही कात्री झाली नाही. ट्रेलरची चाकं पाण्यात गेली, होडीचा मागचा भाग उचलला गेला. “सोड!” बुद्धभूषण ओरडला. दोर सुटला. होडी सरकली, तरंगली. लोक ओरडले.

मी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी वर जायच्या ऐवजी खाली गेली.

उताराचा खालचा भाग शेवाळाने गुळगुळीत झालेला असतो. मागची चाकं त्यावर होती. जरा जास्त गॅस दिला तशी चाकं गरगरली आणि ट्रेलरने आम्हाला समुद्राकडे ओढलं. एक फूट. मग आणखी एक. दाराच्या फटीतून पाणी आलं, थंडगार, पावलांवर.

“उडी मार! बकुळा, गाडी सोड! उडी मार!” जयवंत होडीतून ओरडत होता. त्याला मी दिसत होते की नाही कोण जाणे. होडी फिरत होती, तो मान फिरवत होता.

दाराच्या कडीवर माझा हात होता. खरंच होता. मला पोहता येत नाही. पण मी उडी मारली तर गाडी सरळ मागे जाणार, आणि मागे, पाण्यात, बुद्धभूषण होता. ट्रेलर आणि होडी यांच्या मधोमध.

मी हात काढला. गॅसवरून पायसुद्धा काढला. गाडी बंद पडेल इतका हळू क्लच सोडला, चिंचपोकळीला सोडला होता त्याहून हळू. इंजिन कण्हायला लागलं. मागची चाकं नुसती फिरत होती. पुढची कोरड्या सिमेंटवर होती. मला तळपायाला जाणवलं, पुढच्यांनी पकड घेतली. गाडी थांबली. ना वर, ना खाली. किती वेळ, कुणास ठाऊक. सुंदराबाईंचा हात समोर हवेत होता, पंजा माझ्याकडे, हळूहळू स्वतःकडे ओढत. मी फक्त त्या पंजाकडे बघत राहिले.

गाडी वर आली. ट्रेलर मागून पाणी गाळत.

वर आल्यावर मी हँडब्रेक ओढला आणि दार उघडून उलटी केली. बुद्धभूषण पाण्यातून आला, बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभा राहिला. “वहिनी,” एवढंच म्हणाला.

जयवंतला होडीतून ओढून आणलं तेव्हा तो रडत होता. मी त्याला म्हटलं, “गप बसा. माणसं बघतायत.” मग मीही.

२५ फेब्रुवारी, रविवार

आज होडीत बसले.

बसायचं नव्हतं. नारिंगी जाकीट घातलं, वर दोर कमरेला बांधून घेतला, तरी धक्क्यावरून पाय उचलवेना. सुंदराबाईंचा जावई इंजिन बघायला आला होता. डॉक्टरांनी सांगितलेलं शेजारचं माणूस तोच असू दे, असं मी म्हणून पाहिलं. जयवंतने नुसतं सरकून डावीकडची फळी रिकामी केली.

बसले. दोन्ही हातांनी कठडा धरून.

धक्का सुटला. होडी डोलायला लागली तशी मी डोळे मिटले, मग आठवलं की मला ते मिटता येणार नाहीत.

“डावीकडे दोन होड्या,” मी म्हणाले. “बांधलेल्या. लांब आहेत.”

“बरा.”

“डावीकडे खांब. पाण्यातला. त्यावर पक्षी.”

“बरा.” त्याने सुकाणूचा दांडा किंचित वळवला. हात स्थिर होता. क्रेनवर असाच असेल, मी कधी बघितला नव्हता.

मोकळं पाणी आलं. एक लाट आली आणि होडी उचलून खाली सोडली. माझ्या तोंडून आवाज निघाला. तो हसला नाही. वाट बघत होता.

“डावीकडे?” त्याने विचारलं.

“डावीकडे काही नाही.”

“काय नाय म्हणजे काय? ता सांग.”

मी बघितलं. मग त्याला सांगायला लागले. पाणी आहे, हिरवं, मध्येच राखाडी. सी लिंकच्या दोऱ्यांवर ऊन आहे. त्याच्या पलीकडे इमारती, एकीच्या वरच्या मजल्यावर कुणीतरी गादी वाळत टाकली आहे.

“रंग?”

“लाल. फुलाफुलांची.”

तो मान न वळवता, समोर बघत, ऐकत होता. मी कठडा सोडला नाही. सांगत राहिले.